चौदाशे तेरावं पान

चोवीस वर्षं जावकरावांनी फक्त उत्तरं पाहिली होती. प्रश्न त्यांच्या टेबलावर येतच नसत. पाणीपुरवठा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर व्हरांड्याच्या एका बाजूला आवक आणि दुसऱ्या बाजूला जावक. लोकांच्या तक्रारी आवकेत यायच्या, तिथून या टेबलावरून त्या टेबलावर मुक्काम करत फिरायच्या, आणि त्यांची उत्तरं तयार झाली की ती जावकेत उतरायची. जावकराव त्यांच्यावर क्रमांक घालत, शिक्का मारत, वहीत नोंद करत आणि पाकिटात घालून रवाना करत. त्यांना स्वतःचं नाव होतं, पगारपत्रकावर ते छापूनही यायचं, पण कचेरीत सगळे जावकराव म्हणायचे आणि पुढे पुढे ते नाव घरापर्यंत आलं. त्यांना त्याचा राग नव्हता. खात्याचं नाव कुणालाही उगाच चिकटत नाही, असं ते मानत.

तर, ‘आपल्या तक्रारीबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ हे वाक्य त्यांनी लाखभर वेळा वाचलं असेल. पण कसली तक्रार, कुणाचा नळ, कुठली गळती, हे त्यांना कधी कळलं नाही आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच निघाला.

रविवारी सकाळी जावकराव पेपर वाचत बसले होते आणि त्यांची बायको शिवणयंत्राशी. ती घरीच शिवणकाम करते. यंत्र एकदम थांबलं आणि पुन्हा सुरू झालं नाही, तेव्हा त्यांनी पेपर खाली केला. ती हातातल्या फोनकडे बघत बसली होती. शिवणकामाचं एक संकेतस्थळ होतं. तिथे कुणीही प्रश्न विचारावा आणि ज्याला येतं त्याने उत्तर द्यावं. ती अकरा वर्षं तिथे ‘सुईदोरा’ या नावाने उत्तरं देत होती. ते संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी कळवलं होतं की येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ते कायमचं बंद होणार. त्यानंतर त्यातलं काहीही मिळणार नाही, तरी सदस्यांनी आपापलं सामान उचलावं.

“किती आहे तुझं तिथे?” त्यांनी विचारलं.

तिने पाहिलं. चौदाशे बारा उत्तरं होती.

आता अकरा वर्षं एक बाई आपल्याच घरात बसून चौदाशे उत्तरं लिहिते आणि आपण त्यातलं एकही वाचलेलं नाही, याबद्दल दुसऱ्या कुणाला थोडं ओशाळल्यासारखं झालं असतं. जावकरावांना वाटला तो आदर, आणि तोही आकड्याबद्दल. चौदाशे बारा म्हणजे त्यांच्या विभागाचं दोन महिन्यांचं काम. ती म्हणाली, मी आपली रोज थोडी थोडी वहीत उतरवून घेते, जमतील तेवढी. जावकराव हसले. त्यांच्या त्या हसण्याची घरात सगळ्यांना धास्ती आहे. ते म्हणाले की हे काम हाताने करायचं नसतं, ते संगणकाची आज्ञावली लिहून करायचं असतं, आणि ती मी लिहितो.

त्यांच्या या आत्मविश्वासाला आधार होता तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचा. गेल्या वर्षी कार्यालयाने पंचावन्न माणसांना एका सभागृहात बसवून पायथन नावाची संगणकाची भाषा शिकवली होती. पहिला दिवस प्रास्ताविकात गेला आणि तिसरा प्रमाणपत्रं वाटण्यात. पण मधल्या दिवशी जावकराव जागे होते आणि त्यांनी टिपणंही काढली होती. शिकवणाऱ्या बाईंनी ‘ब्यूटिफुल सूप’ नावाचं एक तयार अवजार दाखवलं होतं. आख्खं वेबपान त्याच्यात ओतायचं आणि हवं तेवढं वेचून घ्यायचं. जावकरावांनी वहीत सूप लिहिलं आणि शेजारी धान्य पाखडायच्या सुपाचं चित्र काढलं. ते नाव पिण्याच्या सुपावरून पडलंय असं बाईंनी नंतर सांगितलं, पण ते त्यांना पटलं नाही. काम पाखडायचं असताना नाव पिण्याचं कोण कशाला ठेवील?

ही बातमी इमारतीत फुटायला दुपार उजाडावी लागली नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, एवढं काय त्यात, फोटो काढायचे. त्यांनी ताबडतोब स्वतःच्या फोनने बायकोच्या फोनचे चाळीस फोटो काढून दिले. त्यातल्या अडतीस फोटोंत त्यांचा अंगठा होता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक इमारतीचे सचिवही आहेत. ते खाली येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले की मुळात जतन करावंच का, हा खरा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. तो विचार त्यांनी पाऊण तास केला. जावकरावांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिचा फोन आला. ती म्हणाली, बाबा, मी करून देऊ का, दहा मिनिटांचं काम आहे. हे ‘दहा मिनिटांचं’ जावकरावांना फार लागलं. त्यांनी आवाज नीट येत नाही असं सांगून फोन ठेवला. आवाज उत्तम येत होता.

त्या दिवशी त्यांना वेबपानाची उलट बाजू पहिल्यांदा नीट दिसली. वरून पान कसं छान दिसतं, रंगीत अक्षरं, चौकटी, चित्रं. उलट बाजूला नुसती खुणांची गर्दी. इथे चौकट उघडते, तिच्यात दुसरी उघडते, तिच्यात तिसरी, मग एक बंद होते. प्रत्येक चौकटीला नाव दिलेलं असतं आणि सुपाला ते नाव सांगितलं की तेवढंच ते काढून देतं. जावकरावांनी विचार केला की वरची पहिली मोठी चौकट घ्यावी, कारण महत्त्वाचं सगळं नेहमी वर असतं. चौदाशे बारा पानांची यादी आज्ञावलीला दिली आणि मुलीने मागे ठेवलेल्या छपाई यंत्राला जोडून दिली. मजकूर वाचून बघण्याचा प्रश्नच नव्हता. जावकेत आलेला कागद वाचायचा नसतो, तो पाठवायचा असतो.

एकशे सत्त्याण्णव कागद छापून झाल्यावर कागद संपले म्हणून यंत्र थांबलं. बायकोने वरचा कागद उचलून वाचला. ‘सदस्यांना कळवण्यात येते की हे संकेतस्थळ येत्या शुक्रवारी बंद होत आहे.’ तिने दुसरा उचलला. त्यावर तेच होतं. तिसऱ्यावरही तेच होतं. प्रत्येक पानाच्या वरच्या पहिल्या चौकटीत ती सूचना होती, आणि जावकरावांनी मोठ्या निष्ठेने ती एकशे सत्त्याण्णव वेळा जतन केली होती. बायकोने कागद उलटा केला. त्या कागदांची मागची बाजू कोरी होती. त्यावर तिने पुढे वर्षभर कपड्यांचे नमुने काढले, पण तो विषय वेगळा.

सोमवारी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर त्यांनी चौकट बदलली आणि आज्ञावली पुन्हा सोडली. या वेळी ती इतक्या जोरात धावली की ते स्वतःच खूश झाले. सेकंदाला वीस पानं. आठव्या सेकंदाला सगळं थांबलं. त्यांच्या घरातलं थांबलं, समोरच्या काकूंच्या घरातलं थांबलं, वर प्राध्यापकांच्या घरातलंही थांबलं. आख्ख्या इमारतीला इंटरनेट देतो तो केबलवाला, आणि त्याच्या यंत्राला असं वाटलं की या इमारतीतून कुणीतरी कुणावर तरी हल्ला करतंय. यंत्राने इमारतीची जोडणीच कापली.

त्यानंतर तासभर जावकरावांच्या दारात जी माणसं आली, त्यांच्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. काकू हातात बंद पडलेला फोन धरून आल्या होत्या आणि तो त्यांनी आजारी मूल दाखवावं तसा सगळ्यांना दाखवला. मी काही चोरी करत नव्हतो, असं जावकराव प्रत्येकाला सांगत होते. मग काय करत होतात, असं प्रत्येक जण विचारत होता. “मी बायकोची उत्तरं काढून घेत होतो,” हे वाक्य मोठ्याने म्हटल्यावर कसं ऐकू येतं, ते त्यांना चौथ्यांदा म्हणताना कळलं.

मंगळवारी सकाळी केबलवाल्याकडे गेल्यावर त्याने सांगितलं की संशयास्पद वापर झाला की जोडणी लेखी अर्जाशिवाय सुरू करता येत नाही. अर्जात कारण पाहिजे आणि खाली इमारतीच्या सचिवाची सही. अर्ज म्हटल्यावर जावकरावांच्या जिवात जीव आला. निदान या एका गोष्टीत त्यांचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं. त्यांनी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’पासून सुरुवात करून चार परिच्छेद लिहिले आणि तीन प्रती काढल्या. सहीसाठी प्राध्यापकांकडे गेले तर प्राध्यापकांनी लाल पेन काढलं. ‘वेबपानांचे विश्लेषण करीत असता’ या शब्दांवर त्यांचा आक्षेप होता. विश्लेषण म्हणजे कारणमीमांसा, तुम्ही करत होतात ते पृथक्करण, असं ते म्हणाले. जावकराव म्हणाले, पृथक्करण दुधाचं करतात. तासाभराने दोघांचं ‘पाखडणी’वर एकमत झालं. ‘वेबपानांची पाखडणी करीत असता अनवधानाने वेग वाढल्यामुळे’ असा अर्ज केबलवाल्याच्या हातात पडला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला, मग जावकरावांकडे पाहिलं, मग काही न विचारता ठेवून घेतला. जोडणी बुधवारी दुपारी आली.

संकेतस्थळवाल्यांनाही त्यांनी सोमवारीच पत्र पाठवलं होतं की एका सदस्येची उत्तरं एकत्र मिळाली तर आभारी राहू. त्याला लगेच उत्तर आलं. ‘आपला निरोप आमच्यापर्यंत पोहोचला आहे. सात कामाच्या दिवसांत आपणांस उत्तर देण्यात येईल.’ म्हणजे संकेतस्थळ बंद झाल्यावर पाच दिवसांनी. जावकरावांनी तो मसुदा पुन्हा पुन्हा वाचला. लिहिणाऱ्याने कुठेही शब्दात न सापडता काहीच न देण्याची जी हुशारी दाखवली होती, तिला त्यांनी मनोमन दाद दिली. आपण चोवीस वर्षं लोकांना जे पाठवत आलो ते मिळाल्यावर माणसाला कसं वाटत असेल, हा विचारही त्यांच्या मनाला शिवून गेला, पण ते घाईत होते.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी दोन पानांच्या मध्ये पाच सेकंद थांबायची सूचना आज्ञावलीत घातली, कागदाच्या चार रिमा आणून ठेवल्या आणि आज्ञावली सोडली. दोन तासांनी चौदाशे बारा उत्तरं हाती आली. शंभर टक्के. त्यांनी प्रत्येक उत्तरावर क्रमांक घातला, तारखेने लावली, भोकं पाडून चार फायलींत बांधली, फायलींच्या पाठीवर खंड एक ते चार असं लिहिलं आणि शिवणयंत्राशेजारी नेऊन ठेवली. मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. कौतुक ऐकायला माणूस ज्या पोझमध्ये उभा राहतो त्या पोझमध्ये.

बायकोने पहिला खंड उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली.

“एक. उसवा. दोन. हो, सगळ्यांचं तसंच होतं, घाबरू नका. तीन. नाही. चार. आधी बाह्या, मग बाकीचं. पाच. आता उशीर झालाय, पण वरून झालर लावली तर कुणाला कळणार नाही. सहा. तुमच्या सासूबाईंना सांगा की कापड आटलं.” तिने पान उलटलं. “सात. भिजवून बघा. आठ. मीही रडले होते.”

ती थांबली.

“प्रश्न कुठे आहेत?” तिने विचारलं.

“कसले प्रश्न?”

“ज्यांची ही उत्तरं आहेत ते.”

जावकरावांनी तिला समजावून सांगितलं की प्रश्न आपले नाहीत, ते लोकांचे आहेत, त्यांनी ते स्वतः जपावेत. आपलं काम उत्तराचं. हे बोलताना त्यांचा आवाज कचेरीतला लागला होता आणि त्यांना ते कळत नव्हतं.

“अहो, ‘मीही रडले होते’ हे मी कुणाला लिहिलं?” ती म्हणाली. “का लिहिलं? मला आठवत नाही. मला माझं शहाणपण नको होतं जपून ठेवायला, ते माझ्याकडे आहे. मला त्या बायका हव्या होत्या. कुणी लेकीचा पहिला झगा बिघडवला म्हणून विचारलं, कुणी डोळ्यांनी कमी दिसायला लागलं म्हणून. अकरा वर्षं मी इथे बसून त्यांच्याशीच बोलत होते. शुक्रवारनंतर त्या मला कुठे भेटणार आहेत?”

तिने फाईल मिटली, तो कागदांचा गठ्ठा नीट कडेला सरकवला आणि यंत्र सुरू केलं. ती चिडली असती तर जावकरावांना बरं वाटलं असतं. ती नुसतीच शिवत राहिली. जावकराव जेवायच्या टेबलाशी बसले आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. आपण एक मोठं काम शंभर टक्के बिनचूक केलं आणि ते शंभर टक्के निरुपयोगी आहे, हे मान्य करायला त्यांना अर्धा तास लागला.

गुरुवारी त्यांनी आज्ञावली नव्याने मांडली. सुईदोरा या सदस्येच्या पानावर जे जे म्हणून असेल त्या सगळ्याच्या मागे जायचं, प्रश्न घ्यायचा, उत्तर घ्यायचं, आणि मध्ये इतर कुणी काही बोललं असेल तर तेही घ्यायचं. पण अलीकडची पानं बरी आली आणि पहिल्या तीन वर्षांच्या पानांनी घात केला. एका बाईने विचारलं होतं की गळा मोठा झाला, काय करू, आणि तिचा तो प्रश्न जो सुरू झाला तो थांबेचना. त्यात उत्तरं आली, दुसऱ्यांचे आभार आले, गादीची जाहिरात आली, शेवटी ‘वर जा’ असं लिहिलेलं बटणही आलं. सुपात दोष आहे, असा निष्कर्ष जावकरावांनी काढला. मग पायथनमध्ये दोष आहे. मग, आवाज खाली आणून, प्रशिक्षण देणाऱ्या बाईंत दोष आहे. शेवटी त्यांनी त्या पानाची उलट बाजू कागदावर छापून घेतली आणि टेबलावर पसरून डोकं धरून बसले.

बायको मागून चालली होती, ती थांबली. हे काय आहे, असं तिने विचारलं. जावकराव म्हणाले, पानाची उलट बाजू, तुला नाही कळायची. कपडा बिघडला की उलट बाजूनेच बघायचा असतो, हे तिला तीस वर्षं माहीत होतं. तिने चष्मा लावला आणि बोट वरच्या ओळीवर ठेवून सावकाश खाली न्यायला लागली, शिवण तपासताना नेते तसं. हे उघडतं, हे बंद होतं. हे उघडतं, त्याच्यात हे उघडतं, हे बंद, ते बंद. बोट एका ओळीवर थांबलं.

“हे उघडलंय,” ती म्हणाली, “आणि ह्याचं बंद करणारं कुठेच नाही. गाठ मारलेली नाही. म्हणून सगळं ओढलं जातंय.”

जावकरावांनी खालपर्यंत पाहिलं. वरून पुन्हा पाहिलं. ज्याने कुणी ते संकेतस्थळ सुरुवातीला शिवलं होतं, तो एक चौकट बंद करायला विसरला होता, आणि सूप आपलं सभ्यपणाने, बंद झाली नाही का, मग शेवटी कुठेतरी होईल, असं मानून चाललं होतं. आपल्याला हे दिसत होतं, फक्त पुष्टी हवी होती, असं जावकरावांनी सांगितलं. ती बरं म्हणाली. मग तिने त्यांना विचारलं की त्या गळा मोठा झालेल्या बाईचं पुढे काय झालं ते दिसतंय का, आणि दोघांनी मिळून ते शोधून काढलं. बाईने गळ्याला पट्टी लावली होती आणि तो कपडा अजून तिच्या अंगात होता.

आज्ञावलीत ती गाठ मारून झाली, पण गुरुवारी संध्याकाळी जो तो आपलं सामान न्यायला संकेतस्थळावर आला होता आणि ते धापा टाकत होतं. म्हणून जावकरावांनी शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चोवीस वर्षांतली ही त्यांची पहिली अर्धी रजा. कारणाच्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून ‘घरगुती’ लिहिलं. बायको एका बाईकडे मापं घ्यायला गेली होती. दीड वाजता आज्ञावली सोडली. पाच सेकंद, एक पान. पाच सेकंद, एक पान. साडेतीनला संपली. पडद्यावर आकडा आला आणि जावकरावांच्या कपाळावर आठी पडली.

चौदाशे तेरा.

असा आकडा चालत नाही. तुमचं आमचं एक वेळ चालेल, पण जावकेतल्या माणसाला एक कागद जास्त झाला तर जेवण जात नाही. उत्तरं चौदाशे बारा, तर पानंही चौदाशे बाराच हवीत. कुठला तरी परका कागद आत शिरलाय. मग जावकरावांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. ते कागद वाचायला लागले.

आणि वाचता वाचता ते काय शोधतायत तेच विसरले. एकीने विचारलं होतं की नवऱ्याचा कोट मुलाला लहान करून देता येईल का, नवरा आता नाही. एकीने विचारलं होतं की शिवायला येत नाही पण येतं असं सांगून बसलेय, आता काय करू. एक पुरुष होता. त्याला बटण लावायला शिकायचं होतं आणि हे बायकोला कळू द्यायचं नव्हतं. प्रत्येकीला सुईदोरा सावकाश, थट्टा करत, कधी दटावत उत्तर देत होती. इतक्या लोकांशी इतक्या मायेने बोलणारी बाई आपल्याच घरात राहते, हे जावकरावांना शुक्रवारी दुपारी कळत होतं.

जास्तीचं पान सगळ्यांत जुनं निघालं. तारखेप्रमाणे लावल्यावर ते सगळ्यांत वर गेलं होतं, आणि जावकरावांनी वाचायला सुरुवात मधूनच केली होती. त्यात सुईदोराचं उत्तर नव्हतंच. प्रश्न तिचा होता. अकरा वर्षांत तिने विचारलेला एकच.

‘नमस्कार. मी इथे नवीन आहे. आमच्या ह्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. दिवसभर शिक्के मारून झाला असावा. त्यांना ते माहीत नाही, आणि कळलेलं आवडायचं नाही, कारण त्यांना आपण ताठ आहोत असं वाटतं. शर्ट घातला की एकीकडे ओढला जातो आणि ते कापडाला नावं ठेवतात. त्यांना न कळू देता शर्ट नीट कसा बसवावा?’

खाली कुणीतरी लिहिलं होतं की खाली असलेल्या खांद्याच्या आत कापडाची एक जास्तीची घडी शिवा, बाहेरून दिसत नाही. त्याच्या खाली दोन आठवड्यांनी पुन्हा ती होती. ‘बसला. आरशासमोर दोनदा फिरून बघितलं त्यांनी. काही बोलले नाहीत, म्हणजे आवडला. तुमचे उपकार कसे फेडू? मला जे येतं ते इथे इतरांना सांगत जाईन.’

जावकराव उठून आत गेले. कपाटातला पहिला शर्ट काढून त्यांनी उलटा केला. उजव्या खांद्यात एक घडी होती, बारीक टाक्यांची, नीट दाबलेली. दुसरा काढला. तिसरा काढला. सात शर्ट पलंगावर उलटे पडले आणि सातही खांद्यांत ती घडी होती. मग त्यांनी अंगातला शर्ट उतरवला आणि आरशासमोर उभे राहिले. खांदा बोटभर नव्हता. आता चांगला दोन बोटं खाली होता. म्हणजे घडी वर्षागणिक जाड होत गेली असणार. त्यांना आधी लाज वाटली, मग राग आला, आणि राग कुणावर काढावा ते न सुचल्यामुळे तो तसाच विरला. राहिलं ते एवढंच, की आपण अकरा वर्षं ताठ मानेने कचेरीत जात होतो आणि ती ताठ मान घरी कुणीतरी शिवून देत होतं.

सव्वाचार झाले होते. संकेतस्थळ अजून सुरू होतं आणि त्या पानाखाली उत्तर लिहायची चौकट रिकामी होती. त्यात काही लिहायचं तर आधी सदस्य व्हावं लागणार होतं. सदस्य व्हायला टोपणनाव हवं होतं, ते दिलं तर कुणीतरी आधीच घेतलेलं होतं. परवलीच्या शब्दात एक आकडा पाहिजे, एक खूण पाहिजे. मग आपण माणूस आहात हे सिद्ध करा म्हणून नऊ चित्रं आली आणि त्यातली सायकलींची निवडायला सांगितली. घामाघूम झालेल्या उघड्या अंगाच्या जावकरावांनी तीनदा चुकीच्या सायकली निवडल्या. पाचला बारा कमी असताना त्यांना माणूस म्हणून मान्यता मिळाली.

आणि मग त्यांना लिहिता येईना. चोवीस वर्षं उत्तरं हाताळलेल्या माणसाने स्वतः एकही लिहिलेलं नव्हतं. पाचला सहा कमी असताना त्यांनी दोन बोटांनी सुरुवात केली, पाचला तीन कमी असताना ते पाठवलं, आणि आज्ञावलीला तेवढं एकच पान पुन्हा आणायला लावलं. मग पाच वाजले आणि संकेतस्थळावरचं पान गेलं. त्याच्या जागी पांढरा पडदा आला.

बायको सहाला आली. टेबलावर चार फायली होत्या, या वेळी जास्त जाड. जावकराव शर्ट घालून पेपर वाचत बसले होते. पेपर दोन दिवसांपूर्वीचा होता. ती चप्पल काढून तशीच बसली आणि तिने पहिला खंड उघडला. पहिलं पान वाचायला लागली आणि तिचा चेहरा पडला, कारण ते काय आहे आणि ते आता कुणी वाचलंय, हे दोन्ही तिला एकदम कळलं. ती काहीतरी बोलणार होती. पण पान तिथे संपत नव्हतं. तिच्या आभारांखाली आजच्या तारखेचं एक उत्तर होतं.

‘महोदया, आपल्या प्रश्नास अनुसरून कळवण्यात येते की शर्ट उत्तम बसतात. गेल्या अकरा वर्षांत कापडाला नावे ठेवण्याचा प्रसंग आलेला नाही. खांदा खाली आहे हे आज पाहिले. उत्तरास फार विलंब झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. – ज्याचा खांदा आहे, तो.’

तिने ते पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जावकराव पेपराआडून बघत होते आणि बघत नसल्याचं दाखवत होते.

अकरा वर्षं ती त्यांचं माप जुन्या शर्टावरून घेत आली होती, शर्ट टेबलावर पालथा पसरून, ते घरात नसताना. आता ती उठली, गळ्यात टेप अडकवली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“उठा,” ती म्हणाली.

जावकरावांनी पेपर ठेवला, उभे राहिले आणि सवयीने छाती पुढे काढून खांदे मागे घेतले. तिने त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

“ताठ नको. नेहमी असता तसे उभे राहा.”

जावकराव तसे उभे राहिले.